गादी सरकली : उपचारांचा पुरावा कसा तोलावा?

देवबाग, तारकर्लीपासून आचऱ्यापर्यंतच्या किनाऱ्यावर रापण ओढली जाताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या कामात कंबरेला किती ताण पडतो ते सांगायला नको. दोन्ही बाजूंनी माणसांच्या रांगा दोर धरून मागे सरकतात, पाय वाळूत रुततात आणि जाळ्याचा सारा भार कंबरेवर येतो. किनाऱ्यापासून आत गेले की चिऱ्यांच्या खाणी आहेत. पावसात वाकून करायची भातलावणी आहे. अशा जिल्ह्यात कंबरेचे दुखणे घरोघरी असले तर नवल नाही. मात्र दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्यांनाही ते सोडत नाही.

कंबरेतून निघालेली कळ मांडीच्या मागून पोटरीत, कधी पायाच्या अंगठ्यापर्यंत गेली, की गावात निदान ठरलेले असते : 'गादी सरकली'. त्यापाठोपाठ सल्ले येतात. कोणी महिनाभर आडवे पडून राहायला सांगतो. कोणी वजन लावून घ्यायला सांगतो. कोणी नस मोकळी करून देणाऱ्याचा पत्ता देतो, कोणी मणक्यात सुई घ्यायला सुचवतो, तर कोणी म्हणतो, उगाच वेळ घालवू नका, बांबोळीला किंवा कोल्हापूरला जाऊन ऑपरेशन करून टाका. हे सल्ले एकमेकांशी जुळत नाहीत, पण शेवट सगळ्यांचा एकच असतो : 'मला गुण आला.'

हे वाक्य बहुतेक वेळा खरे असते. आमचा आक्षेप त्याच्या खरेपणाला नाही, त्यावरून काढलेल्या निष्कर्षाला आहे. रुग्ण तपासणे आणि सल्ला देणे हे डॉक्टरांचे काम, आमचे नव्हे. पण एखाद्या दाव्यामागचा पुरावा कसा तपासायचा, हा विज्ञानाचा प्रश्न आहे, आणि शिक्षकांनी व वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी त्यात लक्ष घालावे असे आम्हाला वाटते.

शब्दापासून सुरुवात

आपल्या पाठीच्या कण्यात मणक्यांच्या मधे एकूण २३ चकत्या असतात. प्रत्येक चकतीचा बाहेरचा भाग चिवट तंतूंच्या थरांचा असतो आणि आत पाणी धरून ठेवणारा मऊ गर असतो. चकती वरच्या व खालच्या मणक्याला घट्ट जोडलेली असते. उशीसारखी ती सरकत नाही, सरकू शकत नाही. बाहेरच्या थराला चीर पडते आणि आतला गर तिच्यातून बाहेर येतो. करंजीची कड फुटून सारण बाहेर यावे तसे हे असते. बाहेर आलेले सारण करंजी दाबून आत घालता येत नाही, हे स्वयंपाकघरातल्या कोणालाही ठाऊक आहे.

म्हणूनच 'सरकली' हा शब्द दिशाभूल करतो. जे सरकले ते जागेवर 'बसवता' येईल, अशी आशा त्या शब्दातच दडलेली आहे. पाठीवर दाब देऊन 'कट्' असा आवाज काढणारा माणूस ही आशा पुरी केल्याचा भास निर्माण करतो. 'मणक्यात गॅप आला' हाही असाच एक शब्दप्रयोग. वयाबरोबर चकतीतले पाणी कमी होते, तिची उंची घटते, म्हणजे दोन मणक्यांमधली जागा उलट कमी होते. शिवाय साध्या क्ष-किरण चित्रात चकती दिसत नाही आणि नसही दिसत नाही. दिसतात ती फक्त हाडे.

फुटलेल्या चकतीचा पायातील कळेशी असलेला संबंध अमेरिकेतील बॉस्टन येथील मिक्स्टर आणि बार या शल्यतज्ज्ञांनी १९३४ साली ठळकपणे मांडला. कंबरेच्या शेवटच्या दोन चकत्या बहुधा दोषी असतात, आणि त्यांच्याजवळून जाणाऱ्या नसा पायात उतरतात. म्हणून बिघाड कंबरेत असला तरी कळ पोटरीत लागते. सुरुवातीला हा केवळ दाबाचा प्रश्न आहे असे मानले गेले. आता आपल्याला माहीत आहे की बाहेर आलेला गर नसेभोवती दाहही निर्माण करतो. तो दाह जसा दुखणे वाढवतो, तसा दुरुस्तीलाही हातभार लावतो. शरीरातील भक्षक पेशी त्या गरावर तुटून पडतात आणि हळूहळू तो नाहीसा करतात.

येथे एक अनपेक्षित गोष्ट आढळते. २०१५ साली अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. नुसत्या फुगलेल्या चकत्यांपैकी १३ टक्केच पुढच्या चित्रात आक्रसलेल्या दिसल्या, पण चकतीपासून पूर्ण सुटून पडलेल्या तुकड्यांच्या बाबतीत हे प्रमाण ९६ टक्के होते. म्हणजे चित्रात जो प्रकार सर्वांत भयंकर दिसतो, तोच शरीर अधिक तत्परतेने आवरते. शस्त्रक्रियेवाचून राहिलेल्या रुग्णांवरून हे आकडे काढलेले आहेत, हे ध्यानात ठेवून ते वाचावेत; पण त्यांची दिशा स्पष्ट आहे.

चित्र खरे, पण निष्कर्ष?

'एमआरआयमध्ये गादी बाहेर आलेली स्पष्ट दिसते आहे, आता ऑपरेशनशिवाय मार्ग नाही.' हे वाक्य अनेकांनी ऐकले असेल. चित्र खोटे नसते. पण ज्यांना काहीच दुखत नाही त्यांची चित्रे कशी असतात, हा प्रश्न विचारल्याशिवाय त्या चित्राला अर्थ येत नाही.

हा प्रश्न १९९४ साली अमेरिकेत विचारला गेला. पाठदुखी नसलेल्या ९८ जणांच्या कण्यांची एमआरआय चित्रे काढण्यात आली. त्यांतील ५२ टक्के लोकांत किमान एक चकती फुगलेली होती आणि २७ टक्के लोकांत ती एका बाजूने पुढे आलेली होती. हे सारे लोक आपापले व्यवहार विनातक्रार करीत होते! मात्र गर थराबाहेर आल्याचे चित्र फक्त १ टक्का लोकांत दिसले. म्हणजे सगळीच चित्रे सारख्या वजनाची नसतात.

यातून घ्यायचा धडा असा : चित्रातील दोष आणि रुग्णाची तक्रार यांचा मेळ बसला पाहिजे. डावा पाय दुखत असेल तर दोष डाव्या बाजूला हवा, आणि कळ, बधिरपणा किंवा दुबळेपणा ज्या नसेच्या हद्दीत आहे, त्याच नसेजवळ तो हवा. मेळ न बसणारे चित्र कितीही ठसठशीत असले तरी तो पुरावा नव्हे.

'गुण आला' याचे गणित

चकती फुटून पाय धरलेल्या बहुसंख्य लोकांना काही आठवड्यांत बराच आराम पडतो. शिवाय माणूस उपचार केव्हा शोधतो? दुखणे अगदी असह्य झाल्यावर. लाट शिखरावर असताना जे काही करावे, त्यानंतर ती ओसरणारच. मग श्रेय त्या वेळी जो उपचार चालू असेल त्याला मिळते.

हे वर्गात सहज करून दाखवता येते. ३६ विद्यार्थी घ्या, प्रत्येकाच्या हाती एक फासा द्या. सगळे 'आजारी' आहेत. एक फेरी म्हणजे एक आठवडा. ज्याला सहा पडतील तो 'बरा' होऊन खाली बसेल. चार फेऱ्यांनंतर साधारण १७ जण उभे राहतील. आता त्यांना खडीसाखरेचा एकेक खडा 'औषध' म्हणून द्या आणि आणखी चार फेऱ्या खेळा. त्यांतील निम्मे, म्हणजे आठ-नऊ जण बरे होतील. महिनाभर दुखणे हटत नव्हते, खडीसाखर घेतली आणि निम्मे बरे झाले! बारा फेऱ्यांअखेर उभे असतील ते चारएक. त्या चौघांचे म्हणणे मात्र कोणी कोणाला सांगत नाही. फाशांना खडीसाखर कळत नाही हे विद्यार्थ्यांना माहीत असते, म्हणून फसगत कुठे झाली ते त्यांना चटकन उमगते.

यावर तोड एकच : तुलना. सारख्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एकाला उपचार द्यायचा, दुसऱ्याला नाही, आणि दोघांचेही शेवटपर्यंत मोजमाप ठेवायचे. पायातील कळेवरच्या काही उपचारांना ही कसोटी लावली तेव्हा काय झाले?

प्रथम सक्तीची विश्रांती. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील चाचणीत १८३ रुग्ण होते. अर्ध्यांना दोन आठवडे अंथरुणात ठेवले, बाकीच्यांना जमेल तेवढे हिंडाफिरायला सांगितले. दोन आठवड्यांनी सुधारणा सांगणारे अनुक्रमे ७० आणि ६५ टक्के होते. हा फरक योगायोगाच्या मर्यादेत बसणारा होता. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत ८७ टक्के! पिढ्यान्पिढ्या दिला गेलेला सल्ला तुलनेत टिकला नाही. हातावर पोट असणाऱ्या माणसाला महिनाभर खाटेवर पाडून ठेवणे म्हणजे त्याची मजुरी बुडवणे, आणि बदल्यात काही न देणे.

दुसरे उदाहरण प्रीगॅबालिन या गोळीचे. नसांच्या दुखण्यावर ती सर्रास दिली जाते. २०१७ साली ऑस्ट्रेलियात २०९ रुग्णांवर झालेल्या चाचणीत ती नकली गोळीपेक्षा सरस ठरली नाही. चक्कर येण्याच्या तक्रारी मात्र वाढल्या. मणक्यातील स्टिरॉइडच्या सुईने काही आठवड्यांपुरता थोडा उतार पडतो. पण १९९७ साली कॅनडात १५८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत तिने पुढची शस्त्रक्रिया टळल्याचे दिसले नाही.

तिसरे उदाहरण आपल्या परसातल्या पपईचे आहे. कच्च्या पपईच्या चिकातील प्रथिने पचवणारा एक विकर, कायमोपपेन, थेट चकतीत टोचून गर विरघळवण्याचा उपचार १९६० च्या दशकात सुरू झाला. अमेरिकेत त्याला १९८२ साली परवानगी मिळाली. नकली सुईशी तुलना करता त्याने खरोखर गुण येतो असेही चाचण्यांत दिसले. पण काही रुग्णांना जिवावर बेतणारी ॲलर्जी आली, क्वचित मज्जारज्जूला इजा झाली, आणि २००३ मध्ये अमेरिकेतील त्याची विक्री थांबली. 'गुण येतो का?' एवढाच प्रश्न पुरेसा नाही. 'कोणत्या किमतीला?' हेही विचारावे लागते, आणि 'झाडापासून बनलेले, म्हणजे निर्धोक' हा समज सोडावा लागतो.

आयुर्वेदात हे दुखणे गृध्रसी या नावाने वर्णिलेले आहे. तेल, शेक, वजन लावणे, पट्टा, व्यायाम या साऱ्यांबाबत आमचे म्हणणे एकच : उपचार कोणत्या परंपरेतला आहे यावरून त्याचा निवाडा करू नये. तुलना झाली आहे का, किती जणांवर, नुकसान काय, हे पाहावे. आणि हीच फूटपट्टी शल्यतज्ज्ञाच्या दाव्यालाही लावावी.

सुरीचा पुरावा

शस्त्रक्रियेची तुलना करणे अवघड. नकली गोळी देता येते, नकली ऑपरेशन सहसा करता येत नाही. त्यामुळे आपण कोणत्या गटात आहोत हे रुग्णाला ठाऊक असते आणि त्याचे उत्तर त्याने रंगते. ही उणीव पुढच्या चारही अभ्यासांत आहे.

नॉर्वेच्या हेन्रिक वेबर यांनी १९८३ साली १२६ रुग्णांचा दहा वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. वर्षअखेर शस्त्रक्रिया झालेल्यांची स्थिती स्पष्टपणे चांगली होती. चार वर्षांनी लक्षणीय फरक उरला नाही. पण शस्त्रक्रियेवाचून राहायच्या ६६ जणांपैकी १७ जणांवर पहिल्याच वर्षात शस्त्रक्रिया करावी लागली होती.

हा गट बदलण्याचा प्रश्न २००६ च्या अमेरिकन चाचणीत हाताबाहेर गेला. ५०१ रुग्णांच्या चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. पण ज्यांच्या चिठ्ठीत शस्त्रक्रिया होती, त्यांपैकी निम्म्यांनीच ती तीन महिन्यांत करवून घेतली. ज्यांच्या चिठ्ठीत ती नव्हती, त्यांपैकी ३० टक्क्यांनी मात्र करवून घेतली. आता हिशेब कसा मांडायचा? चिठ्ठीप्रमाणे मांडला तर दोन्ही गटांत दोन्ही प्रकारचे लोक मिसळलेले, म्हणून फरक पुसट होतो. प्रत्यक्ष उपचाराप्रमाणे मांडला तर शस्त्रक्रियेचा मोठा फायदा दिसतो, पण चिठ्ठ्यांमुळे आलेले गटांचे सारखेपण नाहीसे होते. शस्त्रक्रियेचा समर्थक दुसरा हिशेब दाखवतो, विरोधक पहिला. आमच्या मते दोघेही अर्धे सांगतात. या चाचणीने ठामपणे दाखवले ते एवढेच की दुखणे वाढले की माणसे सुरीकडे वळतात आणि कमी झाले की तिच्यापासून दूर जातात.

नेदरलँड्समधील लायडनच्या संशोधकांनी २००७ साली प्रश्नच शहाणपणाने बदलला. 'शस्त्रक्रिया की नाही' असे न विचारता 'लवकर की थांबून' असे त्यांनी विचारले. सहा ते बारा आठवडे पाय दुखत असलेले २८३ रुग्ण त्यात होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे शस्त्रक्रिया लागली. म्हणजे ६१ टक्क्यांची ती वर्षभरात टळली. वर्षअखेर दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे झालेले होते. फरक होता तो वेगात : बरे वाटायला लागलेला मध्यक काळ लवकर शस्त्रक्रियेच्या गटात ४ आठवडे, थांबलेल्या गटात १२ आठवडे.

पण म्हणून कितीही थांबावे का? २०२० साली कॅनडातील एका चाचणीत चार ते बारा महिने दुखणे रेंगाळलेले १२८ रुग्ण घेतले होते. सहा महिन्यांनंतर पायदुखीचा अंक, शून्य ते दहा या मापावर, शस्त्रक्रियेच्या गटात २.८ आणि दुसऱ्या गटात ५.२ होता. फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांत थांबण्याच्या बाजूने जे पारडे झुकते, ते पुढे हळूहळू फिरते.

चकतीचा बाहेर आलेला तुकडा काढणे आणि स्क्रू घालून मणके एकमेकांना जोडणे या दोन वेगळ्या शस्त्रक्रिया आहेत, हेही येथे सांगायला हवे. वरचे चारही अभ्यास पहिल्या शस्त्रक्रियेचे आहेत. त्यांचे आकडे दुसरीच्या समर्थनासाठी वापरता येत नाहीत. शिवाय पहिल्या शस्त्रक्रियेने सुधारते ते मुख्यतः पायाचे दुखणे. नुसत्या कंबरदुखीसाठी ती नव्हे.

आठ आठवड्यांची किंमत

लायडनच्या चाचणीवर आमची मुख्य टीका तिच्या गणितावर नाही, तिच्या वाचनावर आहे. 'वर्षाने सगळे सारखेच' असा तिचा सारांश वारंवार दिला जातो. आजारपणाची रजा पगारी असलेल्या देशात तो कदाचित पुरेसा असेल. मालवणच्या किनाऱ्यावर त्या मधल्या आठ आठवड्यांचा हिशेब वेगळा आहे.

जून-जुलै हे दोन महिने यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. मे अखेरीस पाय धरलेल्या खलाशाला, घरची लावणी दुसऱ्या कोणी उरकली तर, थांबणे परवडू शकते. तोच पाय नारळी पौर्णिमेनंतर, हंगामाच्या तोंडावर धरला तर थांबण्याची किंमत वर्षाच्या कमाईत मोजावी लागते. उलट बाजूला प्रवास, एका नातेवाइकाची बुडालेली मजुरी, शस्त्रक्रियेचा खर्च आणि तिचे धोके आहेत. शासकीय आरोग्य योजनांतून त्यातले काय मिळेल, गोव्यातील रुग्णालयात बाहेरच्या रुग्णाला किती शुल्क पडेल, ही चौकशी आधी करणे हाही पुरावा गोळा करण्याचाच भाग आहे. कायम नोकरी असलेल्या शिक्षकाचे आणि रापणीवर वाटा घेणाऱ्याचे एमआरआय चित्र अगदी सारखे असले, तरी दोघांचा योग्य निर्णय वेगळा असू शकतो. आकडे निर्णयाला आधार देतात. निर्णय घेत नाहीत.

एका परिस्थितीत मात्र हे तोलणे थांबवायचे. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, सायकलच्या सीटवर टेकणारा भाग बधिर होणे, दोन्ही पायांतील शक्ती जाणे, किंवा पाऊल झपाट्याने लुळे पडत जाणे : यांपैकी काहीही दिसले तर तो तातडीचा प्रसंग आहे. कण्यातून खाली उतरणारा नसांचा जुडगाच दाबला गेल्याची ही खूण असू शकते. येथे आठवडे नव्हे, तास महत्त्वाचे. चोळणे, दाबणे, वाट पाहणे नको. सिंधुदुर्गनगरीला, म्हणजे ओरोसला, जिल्हा रुग्णालय आहे, आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. तेथून पुढे जावे लागले तर बांबोळी आणखी काही तासांवर आहे. अशा वेळी सकाळ होण्याची वाट पाहणाऱ्या घराला 'आत्ता निघा' असे सांगणारे माणूस गावात असले पाहिजे. ते शिक्षक असू शकतात.

एरवी डॉक्टरांपुढे बसताना पाच प्रश्न जवळ असावेत. माझी तक्रार आणि चित्र यांचा मेळ बसतो का? काहीच केले नाही तर पुढच्या सहा आठवड्यांत काय होण्याचा संभव आहे? या उपचाराची तुलना कशाशी झाली आहे? त्यात धोका काय? आणि माझ्या कामाच्या दृष्टीने थांबण्याची किंमत किती? चांगल्या डॉक्टरला हे प्रश्न आवडतात, कारण त्याला स्वतःलाही तेच पडलेले असतात.

'मला गुण आला' म्हणणाऱ्या शेजाऱ्याला खोटे पाडायचे कारण नाही. त्याला आनंदाने विचारावे : 'किती दिवस दुखत होते? आणि तुमच्याबरोबर ज्यांनी हेच केले त्या सगळ्यांचे काय झाले?' दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा मिळत नाही. ते का मिळत नाही, हे फासे टाकून पाहिलेल्या वर्गाला समजावून सांगावे लागणार नाही.